स्पॅनिशमधला सबजंक्टिव्ह: सल्ला द्यायचाय, इच्छा सांगायचीय, तर सरळ मराठीतून जा

स्पॅनिश शिकायला लागल्यावर जवळपास पहिलं वर्षभर मी प्रत्येक ईमेलची सुरुवात एकाच वाक्याने करायचो, "एस्पेरो के एस्तास बिएन", म्हणजे तू बरा असशील अशी आशा आहे. समोरच्यांनी कधी काही म्हटलं नाही, त्यांना कळत होतं ना. मग एकदा जिच्याशी मी दर आठवड्याला कॉलवर बोलायचो त्या मैत्रिणीने हळूच सांगितलं की बाबा रे, "एस्तास" नाही, "एस्तेस". एवढंच. "आ" च्या जागी "ए". आणि या एका स्वरासाठी पुस्तकात चाळीस पानं खर्च केलेली असतात, ज्याला सबजंक्टिव्ह म्हणतात (सल्ला, इच्छा अशा मनातल्या, अजून न घडलेल्या गोष्टींसाठी क्रियापदाचं वेगळं रूप), स्पॅनिशमध्ये सुबखुन्तीबो, आणि ज्याच्या नावानेच अर्धे लोक क्लास सोडतात.

माझं म्हणणं असं आहे की मराठी बोलणाऱ्याला हे अवघड जायचं फारसं कारणच नाही, आपण दिवसभर हेच बोलतो. अवघड जातं कारण आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो आणि इंग्रजीत ही भानगड जवळजवळ मेलेली आहे. तेव्हा मधला इंग्रजीचा थांबा काढून टाकू. फक्त सल्ला, सूचना आणि इच्छा एवढंच घेतोय, सबजंक्टिव्हची बाकीची घरं (शंका, भावना वगैरे) नंतर बघता येतात, आणि खरं तर बोलताना सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

आधी लिहिण्याची पद्धत सांगून टाकतो. सगळे स्पॅनिश शब्द मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिलेत. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही या दोन्ही अक्षरांचा उच्चार सारखाच, म्हणून "ब" दिसला तरी स्पेलिंगमध्ये व्ही असू शकतो. "ख" जिथे आहे तिथे तो आपला ख नाही, घसा थोडा घासून काढायचा आवाज आहे. एच हे अक्षर मुकं असतं, त्यामुळे ते इथे दिसणारच नाही. आणि जिथे मी "स" लिहिलाय तिथे स्पेनच्या बऱ्याच भागात काही शब्दांत "थ" सारखा आवाज ऐकू येईल, मी लॅटिन अमेरिकेतला उच्चार धरलाय.

पायरी १: आधी मराठी वाक्य कानाने ऐका

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकवले होते, आठवतायत का, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो. पण आता तेच कामाला येतात. "तो येतो" हा स्वार्थ, नुसती माहिती. "त्याने यावं" हा विध्यर्थ. "तो आला असता तर" हा संकेतार्थ. आणि "देव तुझं भलं करो", "सगळं नीट होवो" हे आशीर्वादाचं बोलणं आज्ञार्थात टाकतात.

स्पॅनिशमध्ये नुसती माहिती असेल तर इंडिकेटिव्ह, म्हणजे आपला स्वार्थ. आणि बोलणाऱ्याच्या मनात आहे पण प्रत्यक्षात अजून झालेलं नाही, म्हणजे यावं, करावं, होवो, मिळो, असता तर, हे सगळं सबजंक्टिव्हच्या पोटात जातं. वर्तमानाचा सबजंक्टिव्ह म्हणजे साधारण आपलं "-आवं" आणि "-ओ", भूतकाळाचा सबजंक्टिव्ह म्हणजे बऱ्याचदा आपलं "असता तर". हे समीकरण शंभर टक्के चालत नाही, कुठे फाटतं ते पुढे सांगतोच, पण सल्ला आणि इच्छा या दोन गोष्टींत ते बऱ्यापैकी चालतं.

गंमत म्हणजे १४९२ साली आंतोनियो दे नेब्रिखाने कास्तीयानो म्हणजे स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, त्यात इच्छा सांगणाऱ्या रूपांना त्याने "ओप्तातीबो" असं वेगळं नाव दिलं होतं आणि सुबखुन्तीबो वेगळा ठेवला होता. रूपं तीच, पण इच्छेची खोली वेगळी. पुढे ती नावं एकत्र झाली. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी जुनी विभागणीच बरी होती.

पायरी २: माणसं किती आहेत ते मोजा

"मला जायचंय" आणि "तू जावंस असं मला वाटतं". पहिल्यात इच्छा करणाराही मी आणि जाणाराही मी. दुसऱ्यात इच्छा माझी, जाणार तू. मराठी इथेच क्रियापदाचं रूप बदलते, आणि स्पॅनिशही नेमकं इथेच बदलते.

एकच माणूस असेल तर मूळ क्रियापद: "किएरो इर", मला जायचंय. दोन माणसं असतील तर मध्ये "के" आणि मग सबजंक्टिव्ह: "किएरो के बायास", तू जावंस असं मला हवंय. हा "के" म्हणजे आपला "की" समजा, फक्त मराठीत तो गाळता येतो, त्याच्या जागी "असं" येतं, स्पॅनिशमध्ये मात्र तो बोलायलाच लागतो.

इंग्रजीतून आलेली माणसं इथे हमखास पडतात. इंग्रजीत "मला तू येणं हवंय" अशा धाटणीचं वाक्य असतं, त्याचं शब्दाला शब्द ठेवून "ते किएरो बेनिर" असं काहीतरी तयार होतं. आता "ते किएरो" चा अर्थ "तू मला आवडतेस, माझं तुझ्यावर प्रेम आहे". म्हणजे तुम्ही फक्त मीटिंगला ये म्हणत होता आणि वाक्याची सुरुवात ऐकून समोरची व्यक्ती गडबडली. बरोबर वाक्य "किएरो के बेंगास". तू यावंस. झालं.

पायरी ३: रूप बनवा

हा भाग कंटाळवाणा आहे पण लहान आहे. कृती अशी: वर्तमानकाळातलं "मी" चं रूप घ्या, शेवटचा "ओ" काढा, आणि उलटा स्वर लावा. उलटा म्हणजे ज्या क्रियापदाच्या शेवटी "-आर" असतं त्याला "ए" चे प्रत्यय, आणि ज्यांना "-एर" किंवा "-इर" असतं त्यांना "आ" चे.

"आब्लार" म्हणजे बोलणं. मी बोलतो, "आब्लो". ओ काढला, "आब्ल" राहिलं. आता ए लावा: मी बोलावं "आब्ले", तू बोलावंस "आब्लेस", त्याने किंवा तिने बोलावं "आब्ले", आपण बोलावं "आब्लेमोस", त्यांनी बोलावं "आब्लेन". स्पेनमध्ये मित्रमंडळींच्या "तुम्ही" साठी आणखी एक रूप आहे, "आब्लेइस", लॅटिन अमेरिकेत ते रोजच्या बोलण्यात लागत नाही, तिथे "आब्लेन" वरच भागतं. "कोमेर" म्हणजे खाणं, "कोमो" पासून "कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमान". "बिबिर" म्हणजे जगणं किंवा राहणं, "बिबा, बिबास" असंच पुढे.

"मी" चं रूप का घ्यायचं तर बरीच वेडीवाकडी क्रियापदं तिथेच वेडीवाकडी होतात आणि मग तो वाकडेपणा आपोआप सगळीकडे येतो. "तेनेर" (असणं, जवळ असणं) चं मी-रूप "तेंगो", म्हणून "तेंगा, तेंगास". "बेनिर" (येणं) "बेंगो", म्हणून "बेंगा". "आसेर" (करणं) "आगो", म्हणून "आगा". "देसिर" (सांगणं) "दिगो", म्हणून "दिगा". "सालिर" (बाहेर पडणं) "साल्गो", "साल्गा". "कोनोसेर" (ओळखणं) "कोनोस्को", "कोनोस्का". एकदा मी-रूप पक्कं असलं की यातलं वेगळं काही पाठ करावं लागत नाही.

खरी नियमाबाहेरची फक्त सहा आहेत, आणि ती कोणती ते ओळखायची खूणही सोपी आहे, ज्यांचं मी-रूप नुसत्या "ओ" ने संपत नाही ती. "सोय" पासून "सेआ" (असणं), "एस्तोय" पासून "एस्ते" (असणं, हालत सांगणारं), "दोय" पासून "दे" (देणं), "बोय" पासून "बाया" (जाणं), "से" पासून "सेपा" (माहीत असणं), आणि "ए" पासून "आया" (मदतनीस क्रियापद). या सहांना मात्र पर्याय नाही, घोकून टाका. शेवटचा "आया" आपल्याला ऐकायला मजेशीर वाटतो म्हणून निदान तो तरी विसरत नाही.

मधला स्वर बदलणारी क्रियापदं आहेत, "पेन्सार" (विचार करणं) चं "पिएन्से" होतं पण "आपण" म्हणताना परत "पेन्सेमोस". "पोदेर" (जमणं) चं "पुएदा", "आपण" चं "पोदामोस". "-इर" वाल्यांचं मात्र थोडं तिरकं, "दोर्मिर" (झोपणं) चं "दुएर्मा" आणि आपण "दुर्मामोस", "पेदिर" (मागणं) चं "पिदा" आणि आपण "पिदामोस". "आपण" चं रूप कमी वेळा लागतं, त्यामुळे सुरुवातीला यावर जीव काढू नका.

स्पेलिंगचे बदल म्हणून पुस्तकात एक वेगळा तक्ता असतो, "बुस्कार" (शोधणं), "येगार" (पोचणं) यांचा. रोमन लिपीत ते भीतीदायक दिसतं कारण अक्षरं बदलतात, मध्येच यू घुसतो. पण देवनागरीत लिहून बघा, "बुस्को" चं "बुस्के", "येगो" चं "येगे". काहीच झालं नाही! आवाज तसाच राहावा म्हणूनच तर स्पेलिंग बदललं. तेव्हा आधी तोंडाने म्हणा, लिहायचं नंतर बघा.

आणि एक सुख. मराठीत "तू पत्र वाचावंस" पण "तू कविता वाचावीस", म्हणजे कर्माप्रमाणे क्रियापद बदलतं, वर "त्याने" ला "ने" लावा. स्पॅनिशमध्ये यातलं काही नाही, पत्र असो की कविता, तू असलास की "लेआस". आपण जास्त अवघड भाषा आधीच बोलतोय.

पायरी ४: सल्ला देणं

सरळ सल्ल्याची तीन क्रियापदं: "आकोन्सेखार" म्हणजे सल्ला देणं, "रेकोमेन्दार" म्हणजे शिफारस करणं, "सुखेरिर" म्हणजे सुचवणं. साचा असा: ज्याला सल्ला देताय त्याचं सर्वनाम, मग क्रियापद, मग "के", मग सबजंक्टिव्ह. "ते सुखिएरो के आब्लेस कोन एया", तू तिच्याशी बोलावंस असं मी सुचवेन. "ते रेकोमिएंदो के देस्कान्सेस", तू आराम करावास असं माझं म्हणणं. मोठ्या किंवा अनोळखी माणसाला "ते" नाही, "ले": "ले रेकोमिएंदो के देस्कान्से", तुम्ही आराम करावात. इथे "उस्तेद" हा आपला "तुम्ही/आपण", पण त्याला क्रियापद "तो/ती" चं लागतं, हे विसरलं की आदर आणि अरेतुरे एकाच वाक्यात येतात, तू आणि तुम्हीची खिचडी.

यातल्या "आकोन्सेखार" आणि "रेकोमेन्दार" सोबत "के" न घेता मूळ क्रियापदही चालतं, "ते रेकोमिएंदो देस्कान्सार". चूक नाही, पण सराव होईपर्यंत "के" वालं वापरा, नाहीतर सवय लागते पळवाटेची.

कुणाचं नाव न घेता सल्ला द्यायचा तर "एस मेखोर के..." म्हणजे "...केलेलं बरं", "एस इम्पोर्तान्ते के...", "कोन्बिएने के..." म्हणजे "...हे फायद्याचं". "कोन्बिएने के येगेस तेम्प्रानो", तू लवकर पोचलेलं बरं. आणि थोडा दम भरायचा असेल तर "मास बाले के": "मास बाले के येगेस तेम्प्रानो", लवकर पोच, नाहीतर बघ, असा सूर.

आता ती जागा, जिथे मराठी आपल्याला तोंडावर पाडते. आपण म्हणतो "तू तिच्याशी बोलावंस असं मला वाटतं". "मला वाटतं" म्हटल्यावर हात आपोआप "क्रेओ के" कडे जातो, आणि आपण लिहितो "क्रेओ के आब्लेस कोन एया". चूक! "क्रेओ" म्हणजे माझा अंदाज आहे, माझं मत आहे, त्याच्यामागे माहितीचं वाक्य येतं, इंडिकेटिव्ह. मराठीतलं "वाटतं" दोन कामं करतं, "पाऊस पडेल असं वाटतं" हा अंदाज आणि "तू यावंस असं वाटतं" ही इच्छा, आणि स्पॅनिश ही दोन कामं दोन वेगळ्या शब्दांना देते. तेव्हा "वाटतं" च्या आधी "-आवं" असेल तर "क्रेओ" विसरा. एक तर "किएरो के" किंवा "मे गुस्तारिआ के" घ्या, नाहीतर "क्रेओ के देबेरिआस आब्लार कोन एया" म्हणा, तू बोलायला हवंस असं मला वाटतं. हे "देबेरिआस" म्हणजे "हवंस", तो सबजंक्टिव्ह नाही, त्याच्यामागे मूळ क्रियापद येतं. म्हणजे मराठीतही बघा, "बोलावंस" आणि "बोलायला हवंस" हे दोन वेगळे साचे आहेतच की.

मी ही चूक किती दिवस केली ते विचारू नका.

आणि हेही सांगायला पाहिजे की मित्रामित्रांत सल्ला देताना स्पॅनिश बोलणारे लोक बऱ्याचदा सबजंक्टिव्हच्या वाटेला जातच नाहीत, सरळ "पोर के नो आब्लास कोन एया?" म्हणतात, तू तिच्याशी बोलत का नाहीस, किंवा "इ सि आब्लास कोन एया?", बोलून बघितलंस तर? दोन्हीत साधा इंडिकेटिव्ह. "ते सुखिएरो के" हे थोडं ऑफिशियल वाटतं, ईमेलमध्ये छान, गप्पांत जरा जड. मग शिकायचं कशाला? कारण सगळ्यांना "का नाहीस" म्हणता येत नाही.

पायरी ५: निरोप आणि आज्ञा

सबजंक्टिव्हची खरी ताकद मला "देसिर" या क्रियापदात दिसली. "मी माद्रे दिसे के येगास तेम्प्रानो": माझी आई म्हणते तू लवकर येतोस. "मी माद्रे दिसे के येगेस तेम्प्रानो": माझी आई म्हणते तू लवकर यावंस. पुन्हा तोच एक स्वर, आ आणि ए. पहिल्यात कौतुक, दुसऱ्यात हुकूम. मराठीत "येतोस" आणि "यावंस" यांत जेवढं अंतर आहे तेवढंच. म्हणून ऐकताना क्रियापदाच्या शेपटीवर कान ठेवायला शिका, बोलण्यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

आज्ञार्थाचंही असंच. "ये" म्हणजे "बेन", पण "येऊ नकोस" म्हणजे "नो बेंगास". मराठीत नकार आला की "ये" ला "नये" किंवा "येऊ नकोस" असं वेगळंच अंगडं घालतो ना, स्पॅनिशही "तू" च्या नकारार्थी आज्ञेला सबजंक्टिव्ह घालते. "नो दिगास नादा", काही बोलू नकोस. मोठ्यांना तर होकारातही तेच, "बेंगा", "पासे", या, आत या. आणि "-ऊया" म्हणायचं असेल तर "आपण" चं रूप: "आब्लेमोस", बोलूया. जाऊया मात्र "बामोस", तिथे जुनं रूप टिकून राहिलंय, नकारात परत नियमावर येतं, "नो बायामोस".

पायरी ६: इच्छा आणि आशीर्वाद

हा माझा आवडता भाग. नुसता "के" आणि सबजंक्टिव्ह, पुढचं "मला वाटतं" वगैरे काही नाही. आपलं "होवो, मिळो, लाभो" तसंच, फक्त आपल्याकडे ते थोडं भारदस्त, पत्रातलं किंवा भाषणातलं वाटतं, आणि स्पॅनिशमध्ये ते अगदी घरगुती आहे, दिवसातून दहा वेळा कानावर पडतं.

रात्री निरोप घेताना "के देस्कान्सेस", छान विश्रांती घे. आजारी माणसाला "के ते मेखोरेस", लवकर बरा हो. कुणी नवीन कामाला निघालं तर "के ते बाया बिएन", तुझं सगळं नीट होवो. परीक्षेला "के तेंगास सुएर्ते". वाढदिवसाला "के कुम्प्लास मुचोस मास", अशी अजून खूप वर्षं पूर्ण होवोत. मृत्यूच्या बातमीत नावापुढे क्यू, ई, पी, डी अशी चार अक्षरं दिसतात, ती "के एन पास देस्कान्से" ची, शांततेत विसावो. शुभेच्छांपासून श्रद्धांजलीपर्यंत साचा एकच. व्याकरणाचा तक्ता पाठ करण्याआधी यातली पाच वाक्यं तशीच्या तशी पाठ करा, रूपं फुकटात येतात: देस्कान्सेस, मेखोरेस, बाया, तेंगास, कुम्प्लास, बघा, "ए" वालेही आले आणि "आ" वालेही.

"के" सुद्धा गळून पडलेली काही गोठलेली रूपं आहेत. मेक्सिकोत दरवर्षी १५ सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष "बिबा मेखिको!" अशी घोषणा देतात, १८१० साली स्वातंत्र्यलढ्याची हाक दिली गेली त्याच्या आठवणीत, आणि खाली जमलेली गर्दी "बिबा!" ओरडते. तो "बिबा" म्हणजे "बिबिर" चा सबजंक्टिव्ह. चिरायू होवो. अख्खा चौक एका सुरात सबजंक्टिव्ह ओरडतो आणि आपण वहीत तक्ते काढत बसतो.

आणि मग "ओखाला". जोर शेवटच्या "ला" वर. हा शब्द अंदालूसच्या, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या जुन्या स्पेनच्या अरबीतून आला, मूळ अर्थ "देवाची इच्छा असेल तर" असा, पण आज त्यात देवाधर्माचं काही उरलेलं नाही, नास्तिकही बिनधास्त म्हणतो. "ओखाला युएबा", पाऊस पडो. "ओखाला नो युएबा", पाऊस पडू नये. "के" घातला तरी चालतं, "ओखाला के युएबा". हा शब्द नवशिक्यासाठी सोन्यासारखा आहे कारण याच्यामागे इंडिकेटिव्ह कधीच येत नाही, डोकं चालवावंच लागत नाही, आणि "माणसं मोजा" हा नियमही इथे नाही: "ओखाला पुएदा इर", मला जाता यावं रे देवा, इच्छाही माझी, जाणारही मीच, तरी सबजंक्टिव्हच.

"एस्पेरार" म्हणजे आशा करणं, माझ्या त्या ईमेलवालं. इथे मराठी मदत करत नाही कारण आपण "तू येशील अशी आशा आहे" म्हणतो, साधा भविष्यकाळ, विध्यर्थाचा पत्ता नाही. मी त्यावर असा तोडगा काढला की मनात "येशील" ऐवजी "यावास" म्हणायचं, तू यावास अशी आशा, जरा विचित्र मराठी होतं पण स्पॅनिश बरोबर येतं: "एस्पेरो के बेंगास".

पायरी ७: जे होणार नाही त्याची इच्छा

"ओखाला बेंगा" म्हणजे तो येवो, येऊ शकतो अजून. "ओखाला बिनिएरा" म्हणजे आला तर काय बहार, पण आशा कमी. "ओखाला उबिएरा बेनिदो" म्हणजे आला असता तर! गाडी सुटली. शक्यता जसजशी कमी होते तसतसं क्रियापद भूतकाळात मागे सरकतं, आणि मराठीही तेच करते बघा, येवो, आला तर, आला असता तर.

भूतकाळाच्या सबजंक्टिव्हची कृती पहिल्यापेक्षा सोपी आहे. साध्या भूतकाळातलं मराठी "ते" (अनेकवचन) चं रूप घ्या, शेवटचं "रोन" उडवा, "रा" लावा. "आब्लारोन" चं "आब्लारा", "बिनिएरोन" चं "बिनिएरा", "तुबिएरोन" चं "तुबिएरा", "फुएरोन" चं "फुएरा". याला अपवादच नाही, एकही नाही, फक्त तो भूतकाळ पाठ हवा. "रा" च्या जागी "से" वालं दुसरं रूप पण आहे, "आब्लासे", वाचताना ओळखता आलं की पुरे.

हे कुठे लागतं? एक, मागचं सांगताना: "किएरो के बेंगास" चं काल झालं की "केरिआ के बिनिएरास", तू यावंस असं मला वाटत होतं. मराठीत "यावंस" तसंच राहतं, स्पॅनिशमध्ये तेही मागे जातं, हे ध्यानात ठेवावं लागतं. दोन, नम्रपणासाठी: "किएरो के बेंगास" हे ऐकायला हुकूम वाटतं, "मे गुस्तारिआ के बिनिएरास" म्हणजे तू आलास तर मला फार आवडेल. आपणही "आलास तर" असं भूतकाळी रूपच वापरतो ना. तीन, "सि फुएरा तू", मी तुझ्या जागी असतो तर, सल्ल्याची सगळ्यात गोड तऱ्हा, तिच्या पुढे "आब्लारिआ कोन एया", तिच्याशी बोललो असतो. बोलताना याचं छोटं रूप "यो के तू" जास्त ऐकाल.

आणि एक जाता जाता, "किएन पुदिएरा बोलार!" शब्दशः कोणाला उडता येतं, पण अर्थ मला उडता आलं असतं तर! स्वतःच्याच न जमणाऱ्या इच्छेला "किएन" म्हणजे "कोण" म्हणायचं. व्याकरणात हे कोपऱ्यात पडलेलं असतं, पण कुणी सुस्कारा टाकत बोललं की नेमकं येतं.

एक मेसेज, अख्खा

मागे त्याच मैत्रिणीचा दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू होता. मला लिहायचं होतं: तू आज लवकर झोपलेलं बरं, घाबरू नकोस, उद्या सगळं नीट होवो, मी तुझ्यासोबत असतो तर, आणि पोचलीस की कळव. आधी मराठीच लिहिलं आणि शेपट्यांखाली रेघा मारल्या.

"झोपलेलं बरं" म्हणजे "एस मेखोर के", झोपणारी ती, तू-रूप, मी-रूप "मे आकुएस्तो", "-आर" वालं म्हणून ए: "एस मेखोर के ते आकुएस्तेस तेम्प्रानो". "घाबरू नकोस" ला मी "काळजी करू नकोस" घेतलं, तेच जास्त बोललं जातं, नकारार्थी आज्ञा: "नो ते प्रेओकुपेस". "नीट होवो", अजून शक्य आहे म्हणून वर्तमान: "ओखाला तोदो साल्गा बिएन". "असतो तर", शक्य नाही, मी दुसऱ्या टोकाला, म्हणून भूतकाळ, "एस्तुबिएरोन" चं "रोन" गेलं: "ओखाला एस्तुबिएरा कोन्तिगो". शेवटचं "पोचलीस की कळव" इथे फसलो, आपल्याकडे "पोचलीस" हा चक्क भूतकाळ दिसतो, पण ती अजून पोचलेली नाही, उद्याची गोष्ट आहे, म्हणून "आबिसामे कुआंदो येगेस". तो विषय वेगळा आहे, पण "कुआंदो" च्या मागे पुढची गोष्ट असली की सबजंक्टिव्ह, एवढं लिहून ठेवा.

मेसेज पाठवला. पाच वाक्यं, पाच सबजंक्टिव्ह. वाटलं ती आता व्याकरणाबद्दल काहीतरी म्हणेल. तिचं उत्तर एका शब्दाचं आलं, "ओखाला!", तुझ्या तोंडात साखर पडो म्हणतो ना आपण, तसं.